न कळवता गैरहजर

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग चिडशील, हे मला माहीत आहे. रोज संध्याकाळी फोनवर बोलतो, मग हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुझ्या लेकीला विचारशील. तर आधीच सांगते, घाबरण्यासारखं काही नाही. माझी तब्येत बरी आहे. वर्कशॉप जागच्या जागी आहे. चामडं कापायच्या मशीनचा पट्टा तुटला होता, तो परवा बदलून घेतला. पण फोनवर तुझ्यापुढे माझं एकही वाक्य आजवर पुरं झालेलं नाही. मी 'दादा, ते जरा' म्हणते, तू 'ते मी बघतो' म्हणतोस, की विषय संपला. चोपन्न वर्षांची झाले तरी फोनवर मी तुझी चिंगीच. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद आहेत, तेवढ्यात खिडकीपाशी बसून लिहायला घेतलंय.

ऑपरेशननंतर तुझा गुडघा आता काटकोनात वाकतो, हे लेकीकडून कळलं. तू स्वतः 'काही उपयोग नाही' एवढंच सांगतोस. ती म्हणाली, व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या की बाबा डोळे मिटून झोपल्याचं सोंग करतात. जन्मभर दुसऱ्यांना चालतं केलंस आणि स्वतः दहा पावलं टाकायची वेळ आली तर कुरकुरतोस, म्हणजे कमालच आहे. तुझ्यासाठी जाड तळाच्या सपाता करून ठेवल्या आहेत. शिवल्या शिलाईकाकूंनी, तळ घासला मी. उजवा जरा उतरता झालाय. बघितल्यावर नाक मुरडशीलच, पण घाल.

गिऱ्हाईकं तुझी आठवण काढतात. ते उंच सोलवाले गुरुजी टाच बदलून घ्यायला आले होते. म्हणाले, "दादा नाहीत, इथे कुणी ओरडत नाही, चुकून दुसऱ्याच दुकानात शिरलो की काय असं वाटलं." सगळे हसले. काम मात्र मागे पडलंय. अकरा जोड नुसते माप घेऊन पडले आहेत. शिलाईकाकू दोन माणसांचं काम करतात, पण त्यांचं काम वरचं चामडं शिवायचं. पायाच्या आकाराचा लाकडी फर्माच तयार नसेल तर शिवलेलं चामडं चढवायचं कशावर? फर्मा करणारी दोनच माणसं आपल्याकडे होती. एक तू, तिकडे लेकीच्या घरी गुडघा धरून बसला आहेस. दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, असं तू जाताना मला बजावून गेलास. आज काढते.

चार वर्षांपूर्वी पुन्हाभाऊला परदेशातून बोलवायचं ठरलं, तेव्हा व्हिसाच्या कचेरीतून सहा पानांचं हमीपत्र आलं होतं. तू मांडीवर फर्मा घेऊन घासत होतास आणि मी समोर उभी राहून एकेक कलम मोठ्याने वाचत होते. हा माणूस फक्त आपल्याकडेच काम करेल. त्याचा पासपोर्ट आपण ठेवून घ्यायचा नाही. त्याने काम सोडलं किंवा आपण त्याला काढलं, तर दहा दिवसांच्या आत कचेरीला कळवायचं आणि खरं कारण लिहायचं. केलेल्या कामाचा दाखला त्याच्या हातात द्यायचा. आपणच काढलं असेल तर परतीचं तिकीटही आपण काढायचं. तू मान वर न करता म्हणालास, "अगं, माणूस अजून आला नाही आणि तू त्याला घालवायच्या गोष्टी वाचतेस." मी हसले आणि हमीदार म्हणून सही करून टाकली. खरं सांगते, तेव्हा त्या कलमांचा अर्थ मला शब्दांपुरताच कळला होता. आपल्याकडचा दुसरा कुणी तुझ्याशी भांडून गेला तर चार दिवस घरी बसतो आणि पाचव्या दिवशी दुसरीकडे चिकटतो. याचं तसं नव्हतं. याच्यापुढे आपलं दार बंद झालं की पाठोपाठ अख्ख्या देशाचं दार बंद होणार होतं. हे त्या सहा पानांत स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते वाचणारी मीच होते.

तो आला तेव्हा त्याला आपली भाषा येत नव्हती. पहिला शब्द शिकला तो 'पुन्हा'. पायाचं माप एकदा घेतलं की म्हणायचा, "पुन्हा." गिऱ्हाईक बसल्या बसल्या वेगळं, उभं राहिल्यावर वेगळं, चार पावलं चालून आल्यावर आणखी वेगळं, म्हणून तीनदा माप. शिलाईकाकूंनी त्याला पुन्हाभाऊ नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की गिऱ्हाईकंही त्याच नावाने हाक मारायला लागली. तू पहिल्या महिन्यात वैतागलास. "तीनदा माप घेऊन काय पाय बदलतो का?" दुसऱ्या महिन्यात मी तुलाच तीनदा माप घेताना पाहिलं.

दुपारच्या चहाला तो माझ्या टेबलापाशी यायचा. मी त्याला वाचायला शिकवलं. पुस्तक कुठलं असणार आपल्याकडे? चामड्याची बिलं, गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही, डिंकाच्या डब्यावरच्या सूचना. 'ज्वलनशील' हा शब्द तो पंधरा दिवस घोकत होता. त्या अर्ध्या तासात तो त्याच्या आईबद्दल बोलायचा, बायकोबद्दल बोलायचा. चार वर्षांत एकदाच घरी जाऊन आला होता. मी फारसं कुणाशी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. त्याच्याशी बोलायचे. त्याला निम्मं कळायचं नाही, त्यामुळे बोलायला सोपं जायचं.

आणि ती छोटी मुलगी आठवते? एक पाय तीन बोटं आखूड. तिची आई कडेवर घेऊन आली होती आणि पुन्हाभाऊने तिच्या बुटाचा फर्मा तीनदा नव्याने केला होता. दोनदा तू म्हणालास, चालेल. तो म्हणाला, नाही चालणार. तिसऱ्या वेळी पोरगी आईचा हात सोडून दारापर्यंत गेली, तिथून वळून परत आली. पुन्हाभाऊ पाठ फिरवून उगाचच कपाटातला डिंक शोधत राहिला. त्याच आठवड्यात तू बाबांची रापी त्याच्या हातात दिलीस. चामडं कापायची ती रापी बाबांनंतर तुझ्याशिवाय कुणी हातात धरली नव्हती. मी जवळ गेले तरी तू ओरडायचास. मला तेव्हाच कळलं. लेकीला या धंद्यात यायचं नव्हतं, मला फर्मा येत नाही, आणि तू इतकी वर्षं जो माणूस शोधत होतास तो तुला सापडला होता. हे तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. त्यालाही नाही. त्याला सांगितलं असतंस तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

इथपर्यंतचं सगळं तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते लिहिते.

तो सोमवार. चहाच्या वेळी तो आला, पण स्टुलावर बसला नाही. उभ्या उभ्या एक कागद माझ्यापुढे ठेवला. वर ठळक अक्षरात 'राजिनामा'. मी मजकूर वाचायच्या आधी म्हणाले, "जी दीर्घ." त्याने माझंच पेन घेऊन वेलांटी सुधारली. मग मी वाचलं. मुलांच्या इस्पितळात एक छोटं वर्कशॉप आहे, तिथे फक्त मुलांचे बूट आणि पायाचे पट्टे होतात. तिथे त्याला घेत होते, व्हिसाची हमीही तेच घेणार होते. महिन्याची नोटीस देतो, हातातले जोड पुरे करून जाईन, मास्तरांनी मला माणसात आणलं, असं तुझ्याबद्दल लिहिलं होतं. मी विचारलं, "मास्तरांना सांगितलंस?" तो म्हणाला, "आधी तुम्हाला, ताई. मास्तरांसमोर मला शब्द सापडत नाहीत." मी म्हणाले, काळजी करू नकोस, मी सांगते.

मी सांगितलं ते कसं, ते तुला आठवत असेल. दाराशी चप्पल घालता घालता तुला म्हणाले, पुन्हाभाऊ महिन्याने जातोय म्हणतो, त्याचा कागद माझ्याकडे आहे. आणि चामड्याच्या व्यापाऱ्याकडे निघून गेले. माल बघायला दुसऱ्या दिवशी गेले असते तरी चाललं असतं. तू भडकणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तिथे थांबले नाही. परत आले तेव्हा त्याची जागा रिकामी होती आणि तू एकटाच रंधा मारत होतास. म्हणालास, "गेला. स्वतःहून गेला. तो कागद फाडून टाक." मी 'बरं' म्हणाले. संध्याकाळी तू पुन्हा विचारलंस, तेव्हा 'फाडला' म्हणाले.

फाडला नव्हता. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता.

दुसऱ्या दिवशी शिलाईकाकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तू त्याला सगळ्यांदेखत म्हणालास, "महिन्याची नोटीस कशाला? आजच नीघ. उद्यापासून या उंबऱ्यात दिसू नकोस." त्याने दोनदा विचारलं, "मास्तर, हातातले जोड?" आणि तू पाठ फिरवलीस. म्हणजे तो गेला नाही दादा, तू त्याला घालवलंस. हे मला मंगळवारी सकाळी समजलं. पुढे मी जे केलं ते समजून उमजून केलं.

गुरुवारी तू गुडघ्याच्या तपासण्यांना इस्पितळात गेला होतास, तेव्हा तो आला. धुऊन घडी केलेला कामाचा एप्रन, दाराची किल्ली आणि बाबांची रापी, कापडात गुंडाळून. टेबलावर एकेक मांडलं आणि म्हणाला, "पोच द्या, ताई. कागद असावा." ही शिकवणही माझीच. मी पोच लिहून दिली. वस्तू मिळाल्या, तारीख, खाली माझी सही. त्याने विचारलं, दाखला मिळेल का, आणि कचेरीला कधी कळवणार? त्याला हिशोब पक्का ठाऊक होता. राजीनामा दिला असं आपण लिहिलं की त्याला देशात राहायला साठ दिवस मिळणार होते आणि त्यात इस्पितळाचे कागद होणार होते. मी म्हणाले, "दादाला जरा शांत होऊ दे, मी सगळं करते." तो बरं म्हणून गेला. रापी मी खालच्या खणात ठेवली, त्याच्या राजीनाम्यावर.

शनिवारी तुला रापी जागेवर दिसली नाही. तू पाटावरची सगळी हत्यारं उपसलीस आणि मग मटकन बसलास. म्हणालास, "जाताना बाबांची रापीही नेली त्याने. चोर निघाला." दादा, तेव्हा मी तुझ्यापासून चार हातांवर होते आणि खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी गप्प बसले. तुझं ऑपरेशन जवळ आलंय, उगाच ताण नको, असं मी स्वतःला समजावलं. पण तेवढंच कारण नव्हतं. रापी काढून दाखवली असती तर तो आला होता हे सांगावं लागलं असतं, पोच सांगावी लागली असती, राजीनामा फाडला नाही हे सांगावं लागलं असतं. आणि त्याहून खोल काही विचारशील तर, मलाही राग आला होता. रोजच्या चहाला माझ्यासमोर बसणारा माणूस महिना महिना मनात हे ठरवत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तुझा राग तू ओरडून काढलास. माझा मी गप्प बसून काढला.

दहाव्या दिवशी तू म्हणालास, फॉर्म भर. कारणाच्या चार चौकोनांवर बोट फिरवलंस. मुदत संपली, राजीनामा, कामावरून काढले, न कळवता गैरहजर. शेवटच्यावर थांबलास. "हे. म्हणजे तिकीट नको, दाखला नको, आणि त्याला कुणी विचारायला येणार नाही." मी म्हणाले, "दादा, ते जरा..." तू म्हणालास, "तो आलाच नाही ना? मग गैरहजरच." मी खूण केली. सही केली. दोन दिवसांनी ऑपरेशनसाठी लेकीकडे जायला तुला गाडीत बसवून दिलं आणि वर्कशॉपमध्ये येऊन झाडलोट केली.

मागच्या आठवड्यात मुलांच्या इस्पितळातून तिथल्या वर्कशॉपच्या प्रमुख बाईंचा फोन आला. आवाज मऊ, पण बोलणं सरळ. म्हणाल्या, "तुमच्याकडचा कारागीर सांगतो मी राजीनामा दिला. कचेरीच्या नोंदीत तो पळून गेल्यासारखं दिसतंय. अशा माणसाची हमी आम्हाला घेता येत नाही. यातलं खरं काय?" मी म्हणाले, बघून सांगते. काय बघणार होते मी? फोन ठेवला आणि उरलेला दिवस पत्त्यांची वही उघडून बसले. शिलाईकाकूंनी एकदा येऊन चहा ठेवला. जाता जाता म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, ताई. आम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही."

काल सकाळी मी त्याच्या खोलीवर गेले. लाँड्रीच्या वरचा मजला, अरुंद जिना, भिंतींना वाफेची ओल. एका खोलीत चौघे राहतात. बाकीचे कामावर गेले होते. तो पलंगावर बॅग उघडून हत्यारं जुन्या बनियनमध्ये गुंडाळत होता. त्याला कचेरीत बोलावून सांगितलं होतं, तीस दिवसांत देश सोडायचा, पुढची पाच वर्षं परत यायचं नाही. त्यातले तेरा गेले होते. मला बघून तो उठला, खुर्चीवरचे कपडे बाजूला केले आणि बसायला सांगितलं. इतकी सवय झालेली, की मी ताई आणि तो उभा.

मी विचारलं, "पोच होती ना तुझ्याकडे? दाखवली का नाहीस?"

त्याने पाकिटातून ती काढली. चार घड्या घातलेली. म्हणाला, "साहेबाने मला तुमचा फॉर्म दाखवला, ताई. तुम्ही शिकवलंत म्हणून मला वाचता आला. 'गैरहजर' हा शब्द तेवढा तुम्ही शिकवला नव्हता. साहेबाला अर्थ विचारला." मग पोच माझ्यासमोर धरली. "दोन्ही कागदांवर सही तुमची. हा खरा म्हणून दाखवला तर तो खोटा ठरतो. मग तुम्ही खोट्या ठरता. मी एक दिवस विचार केला, दाखवावा. दुसऱ्या दिवशी वाटलं, नको. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाटलं, दाखवावा." एवढ्यावर मला हसू यायला हवं होतं. तोही हसला नाही.

मी माफी मागितली. तो 'असू दे' म्हणाला नाही. बराच वेळ बॅगच्या चेनशी खटपट करत राहिला. मग म्हणाला, "मास्तर रागावले ते मला समजलं. मी त्यांचा माणूस होतो. तुम्ही का केलंत ते समजलं नाही." वर तुला जे लिहिलं ते त्याला सांगायला तोंड उघडलं आणि ते इतकं क्षुल्लक वाटलं की मिटून घेतलं. निघताना त्याने विचारलं, मास्तरांचा गुडघा कसा आहे. मी म्हणाले, वाकतो आता. "तीनदा मापून घ्या म्हणावं. बसून, उभं राहून, चालून," तो म्हणाला. तेवढ्यापुरता तो पूर्वीचा वाटला.

आज सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी दाराशी जाऊन बसले. राजीनामा, हमीपत्राची प्रत आणि रापी घेऊन. रापी कशाला नेली ते मलाच माहीत नाही, दारावरच्या पहारेकऱ्याने ती काढून ठेवून घेतली आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. खिडकीतल्या साहेबाला सर्दी झाली होती, तो रुमालाआडूनच बोलत होता. मी म्हणाले, फॉर्ममधलं कारण बदलायचंय. तो म्हणाला, "मुदत संपली. का बदलायचंय?" म्हटलं, कारण खोटं आहे. त्याने रुमाल खाली ठेवला आणि मला आत बोलावलं.

दोन तास लागले. सगळं सांगितलं. राजीनामा कधी मिळाला, पोच कधी दिली, खूण कुणी केली. खूण मी केली, असंच सांगितलं, कारण पेन माझ्या हातात होतं. त्याचे परिणाम व्हायचे ते होतील. दोन वर्षं आपल्याला परदेशी कारागीर बोलावता येणार नाही. दंड होईल, आणि हमीदार म्हणून माझं नाव इथून पुढे चालणार नाही. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मागे पडलेल्या जोडांचं मात्र वाटलं. गिऱ्हाइकांना सांगावं लागेल, दादा बरे होईपर्यंत थांबा, नाहीतर दुसरीकडे जा. गुरुजी थांबतील. सगळेच थांबणार नाहीत. तिथून बाहेर पडल्यावर इस्पितळातल्या बाईंना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवते. दाखलाही मी लिहिलाय. चार वर्षं, कामाचं स्वरूप, वागणूक उत्तम. खाली मालक म्हणून जी सही लागते, तेवढी जागा कोरी आहे.

आता हे पत्र का, ते सांगते. साहेब म्हणाला, राजीनामा तर दिसतोय, पण त्यात महिन्याची नोटीस आहे आणि माणूस दुसऱ्या दिवसापासून कामावर नाही. का नाही? मी म्हणाले, त्याला येऊ नको असं सांगितलं होतं. "तुमच्यासमोर?" म्हटलं, नाही, मी बाहेर होते, मला कामगारांनी सांगितलं. तो म्हणाला, ऐकीव चालत नाही. कामगारांचे जबाब घ्यायचे तर रीतसर सुनावणी लावावी लागेल, तिला दोन महिने लागतात, आणि याच्या हातात सोळाच दिवस आहेत. ज्याने सांगितलं त्यानेच कबूल केलं, तर त्याच दिवशी नोंद बदलते. म्हणून तुझा नंबर देऊन आले. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता साहेबाचा फोन येईल. आज शुक्रवार, म्हणजे पत्र तुला त्याआधी मिळेल. लेकीला यातलं मी काही सांगितलेलं नाही. शिलाईकाकू आणि बाकीच्यांनाही, फोन येणार आहे हे माहीत नाही. 'बहिणीचा काहीतरी गोंधळ झाला' असं तू म्हणालास तर साहेब ते लिहून घेईल आणि पुन्हा कुणी विचारणार नाही. मीही नाही. तू काय सांगणार आहेस ते मला आधी कळवू नकोस, दादा. संध्याकाळच्या फोनवर हा विषय काढू नकोस. साहेबालाच सांग.

तुझीच,
चिंगी